कार्डावर लिहिले जाणारे, पण न वाचले जाणारे वजन

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा तथा अभियान संचालक,
राष्ट्रीय आरोग्य अभियान, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : वजन जास्त असलेल्या गरोदर मातांच्या तपासणीबाबत

सादर नमस्कार.

मी पश्चिम महाराष्ट्रातील दोन तालुक्यांत आधी एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची परिचारिका, आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून ३१ वर्षे काम करून निवृत्त झाले. या काळात किती गरोदर मातांना मी वजनकाट्यावर उभे केले याचा हिशेब ठेवलेला नाही. पण त्या प्रत्येक वेळी माझी नजर एकच गोष्ट शोधत असे, ती म्हणजे वजन कमी तर नाही ना. आम्हाला तसेच शिकवले होते आणि त्या शिकवणीत काही चूक नव्हती. ४० किलोच्या आतली, रक्त कमी असलेली, १४० सेंटिमीटरही उंची न भरणारी मुलगी समोर आली की मनात पाल चुकचुकायची. ७२ किलोची बाई आली की मात्र आम्ही निश्चिंत व्हायचो. "हिला खायला-प्यायला काही कमी नाही," असे म्हणून तिचे कार्ड पुढच्या टेबलावर सरकवले जायचे. त्या सरकवलेल्या कार्डांविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे.

एक प्रसंग आधी सांगते, कारण त्यातली चूक माझी आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका उपकेंद्रावर सातव्या महिन्यातली एक माता आली होती. मूळचीच अंगाने भरलेली. मागच्या तपासणीपासून महिनाभरात तिचे वजन ४ किलोने वाढले होते. मी तो आकडा कार्डावर लिहिला आणि "बाळ चांगलं वाढतंय" असे तिच्या सासूला कौतुकाने सांगितले. त्या दिवशी रक्तदाब मोजायच्या यंत्राचा कफ तिच्या दंडाला पुरेना, पट्टी सारखी सुटत होती, म्हणून मी ती हाताने दाबून धरली. दोनदा मोजले, दोन्ही वेळा आकडे वेगळे आले आणि त्यातला बरा दिसणारा आकडा मी लिहून टाकला. पंधरा दिवसांनी तिला घरी झटके आले. जीपमधून तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याला नेईपर्यंत पोटातले बाळ गेले, आई वाचली. पुढे बऱ्याच वर्षांनी केंद्र सरकारने एएनएमसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांची पुस्तिका हातात आली. एका महिन्यात ३ किलोपेक्षा जास्त वजन वाढल्यास रक्तदाबाचा विकार, जुळे किंवा मधुमेह यांची शंका घ्यावी, असे त्यात स्पष्ट छापलेले होते. ज्या ४ किलोंचे मी कौतुक केले होते ते अंगात साठलेले पाणी होते.

२०१० सालच्या त्याच सूचनांत आणखी एक आकडा आहे, जो आजही आमच्या मुलींच्या, म्हणजे नव्या एएनएमच्या, तोंडपाठ असतो : पूर्ण गरोदरपणात ९ ते ११ किलो वजन वाढले पाहिजे आणि पहिल्या तिमाहीनंतर महिन्याला साधारण २ किलो. जिचे वजन आधीपासून ४२ किलो आहे तिलाही हाच आकडा आणि जिचे ८० आहे तिलाही हाच. वास्तविक अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ सालीच या एका आकड्याचे चार भाग केले होते. गर्भ राहण्यापूर्वी कृश असलेल्या स्त्रीने १२.५ ते १८ किलो, बेताच्या वजनाच्या स्त्रीने ११.५ ते १६, जास्त वजनाच्या स्त्रीने ७ ते ११.५ आणि लठ्ठ स्त्रीने ५ ते ९ किलो वाढ होऊ द्यावी, असा तो हिशेब आहे. हे आकडे तिथल्या बायकांच्या बांध्यावरून काढलेले असल्यामुळे ते आपल्याकडे जसेच्या तसे लावावेत असे माझे म्हणणे नाही. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी, फॉग्सीसारख्या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेला सोबत घेऊन, आपले आकडे ठरवावेत. परंतु सुरुवातीचे वजन पाहून वाढीचे माप ठरवायचे असते, हे तत्त्व तरी आपल्या कार्डावर यायला हवे. मी पाहिलेल्या बहुतेक माता व बाल संरक्षण कार्डांवर उंची एका रकान्यात आणि वजन दुसऱ्या रकान्यात लिहिलेले असायचे, पण त्या दोन आकड्यांची गाठ कुणी घालून दिलेली नसायची.

ही गाठ घालणे अवघड नाही. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने तो २५च्या वर गेला की वजन जास्त आणि ३०च्या वर गेला की लठ्ठपणा. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली एकमताने हे माप खाली आणले : २३च्या पुढे वजन जास्त आणि २५पासून लठ्ठपणा. आमच्या भागात १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांना जरा कमी, ही बायकांची नेहमीची उंची. अशा बाईचे वजन ५८ किलो झाले की ती २५वर पोचते आणि ६९-७० किलोला ३०वर. आता ५८ किलोच्या बाईला गावात कुणी जाड म्हणेल का? उलट "अंगाने बरी आहे" असेच म्हणतील. म्हणूनच नजरेच्या अंदाजावर हे सोडता येत नाही.

भारतीयांसाठी माप खाली का आणले, याचे उत्तर आपल्याच राज्यात सापडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखे, आत मात्र दुपटीहून जास्त फरक. याज्ञिक यांनी १९९३पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या बाळांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात हेच जन्मापासून दिसले : आपली बाळे वजनाने लहान असतात, त्यांचे स्नायू कमी असतात, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून असते. मधुमेहाची बीजे आईच्या पोटात पेरली जातात, हे जगाला सांगण्यात आपल्या खेड्यांतल्या बायकांचा एवढा मोठा वाटा असताना त्यांच्याच उपकेंद्रांच्या भिंतीवर अजून बीएमआयचा साधा तक्ता असू नये, हे मला बरे वाटत नाही. उंची आडवी, वजन उभे आणि चौकोनांत तीन रंग, एवढा तो तक्ता असावा. कॅल्क्युलेटरचीही गरज पडणार नाही. मात्र त्यासाठी पहिले वजन १२ आठवड्यांच्या आत घेतलेले हवे. पाचव्या महिन्यातल्या वजनावरून काढलेला बीएमआय फसवा असतो.

"हा श्रीमंतांचा आजार आहे, आपल्याकडे अजून कुपोषण संपलेले नाही," असे मला बैठकांत अनेकदा ऐकवले गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, म्हणजे २०१९ ते २१, वेगळे सांगते. देशात १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के स्त्रिया कृश होत्या आणि २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त होता. महाराष्ट्रात हे प्रमाण अनुक्रमे सुमारे २१ आणि २३ टक्के होते. म्हणजे आपल्या राज्यातही कृश बायकांपेक्षा जास्त वजनाच्या बायका अधिक आहेत. कुपोषण संपले असा याचा अर्थ मुळीच नाही. मेळघाटात, नंदुरबारमध्ये, पालघरमध्ये अमृत आहार योजनेचे एक वेळचे जेवण आजही अत्यावश्यक आहे. पण एकाच तालुक्यात, कधी कधी एकाच घरात, दोन जावांपैकी एक कृश आणि दुसरी लठ्ठ असते, आणि दोघींचेही हिमोग्लोबिन ९ असते.

हे शेवटचे वाक्य मी जाणूनबुजून लिहिले. त्याच सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. वजन जास्त असलेली स्त्री पोसलेली असतेच असे नाही. चहा-बिस्किट, भात, साबुदाणा, फरसाण यांवर वाढलेल्या वजनात लोह आणि प्रथिने कुठून येणार? तरीही "हिला लाल गोळ्यांची काय गरज" आणि "हिला टीएचआर (घरी न्यायचा पूरक आहार) कशाला" असे शेरे मी अंगणवाडीच्या आणि उपकेंद्राच्याही दारात ऐकले आहेत. अन्न सुरक्षा कायद्यानुसार गरोदर मातेला ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने देणारा पूरक आहार मिळायचा असतो. तो तिचा हक्क आहे आणि वजन पाहून तो काढून घेता येत नाही. गोड मिश्रणाऐवजी तिला डाळी, शेंगदाणे किंवा अंडी निवडता आली तर मात्र फार बरे होईल.

आता मागणीकडे वळते. माझी पहिली मागणी इतकी लहान आहे की ती आपल्या टेबलापर्यंत यावी याचाच मला संकोच वाटतो : प्रत्येक उपकेंद्राला रक्तदाबाच्या यंत्रासोबत एक मोठा कफ द्यावा. नेहमीचा कफ साधारण ३२-३३ सेंटिमीटर घेराच्या दंडापर्यंत चालतो. दंड त्याहून जाड असेल आणि कफ लहान असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. याचे परिणाम दोन्ही बाजूंनी होतात. एखादीचा रक्तदाब बरोबर असताना तिला १४०/९०च्या वरची ठरवून घाबरवले जाते, तर दुसरीचा खरोखर वाढलेला असताना "जाड बाईचं जास्तच दाखवतं" म्हणून मोजणारी मनातल्या मनात दहा-पंधरा वजा करते. मी हे केलेले आहे. माझ्याबरोबरीच्या अनेक जणींनी हे केलेले आहे, आणि त्यात कुणाचा आळस नव्हता. हातात साधन नसले की माणूस अंदाजाला साधन मानू लागतो. पहिल्या भेटीत दंडाचा घेर शिवणाच्या टेपने मोजून कार्डावर लिहिला आणि त्यापुढे "मोठा कफ" अशी खूण केली, तर पुढे कार्ड कुणाच्याही हाती गेले तरी चूक टळेल. बीएमआय ३५ किंवा त्याहून जास्त असलेल्या, पहिलटकरीण असलेल्या किंवा घरात रक्तदाबाचा इतिहास असलेल्या मातेला पुढे रक्तदाब वाढू नये म्हणून कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करायची का, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते आणि ते साधारण १२व्या ते १६व्या आठवड्यात ठरवावे लागते. तोपर्यंत जोखीम कार्डावर आलीच नसेल तर ही संधी हातची जाते.

दुसरी गोष्ट साखरेच्या तपासणीची. केंद्र सरकारच्या २०१८च्या सूचना याबाबतीत अगदी नेमक्या आहेत : प्रत्येक गरोदर मातेला पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे, ती उपाशी आहे की जेवून आली आहे हे पाहायचे नाही, आणि दोन तासांनी रक्तातील साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर तो गरोदरपणाचा मधुमेह मानायचा. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी आग्रहाने मांडलेली ही पद्धत आपल्या परिस्थितीला इतकी साजेशी आहे की त्यांचा जन्मदिवस, १० मार्च, देशात या आजाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. उपाशीपोटी पुन्हा या, असे सांगितले की निम्म्या बायका परत येत नाहीत हे त्यांनी ओळखले होते. पण प्रत्यक्षात आमच्याकडे काय होते? दुसरी तपासणी बऱ्याच ठिकाणी होते, पहिली राहून जाते. ग्लुकोजची पाकिटे नसतात, किंवा असतात तेव्हा साखर मोजायच्या पट्ट्या संपलेल्या असतात. आणि दोन्ही असले तरी दोन तास थांबायला बाई तयार नसते, कारण तिची एसटी एक वाजता असते आणि त्यानंतरची थेट पाच वाजता. यावर माझा उपाय साधा होता. माता आल्या आल्या आधी ग्लुकोज द्यायचे आणि मग नाव, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, पोटाची तपासणी, गोळ्या, गप्पा हे सगळे त्या दोन तासांत बसवायचे. हा क्रम आपण एका परिपत्रकाने सगळीकडे लावू शकता. वजन जास्त असलेल्या मातेची पहिल्या भेटीतली तपासणी तर कोणत्याही कारणाने चुकता कामा नये, कारण तिला कधीकधी गरोदरपणाआधीपासूनच मधुमेह असतो आणि तो कुणाला ठाऊक नसतो.

साखर निघाली म्हणजे लगेच इन्शुलिन, अशी भीती गावात आहे. सूचनांप्रमाणे आधी दोन आठवडे फक्त आहार सांभाळायचा असतो आणि त्यानंतरही जेवणानंतरची साखर १२०च्या खाली येत नसेल तरच औषध सुरू होते. या दोन आठवड्यांत तिला नेमके काय खायचे हे सांगणारे कुणी लागते. भाकरी खा, भात कमी कर, इतके पुरत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या हिशेबाने गरोदर स्त्रीला रोज साधारण ३५० कॅलरी जादा लागतात, म्हणजे एक मध्यम भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि कपभर दूध. "आता दोन जिवांची आहेस, दोघांचं खा" या आग्रहातली दुसरी व्यक्ती इतकीच जेवते, हे मी सासवांना हसत हसत सांगायचे आणि त्यांना ते पटायचेही. डोहाळजेवणाला माझा विरोध नाही. एका दिवसाच्या श्रीखंड-पुरीने कुणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते तीन महिने रोज सकाळी खाल्ल्या जाणाऱ्या दोन-दोन लाडवांनी.

याच्या उलट टोकाचाही अनुभव आहे. माझ्या भाचीला एका शहरातल्या खाजगी दवाखान्यात नवव्या आठवड्यात "आधी वजन कमी करायला हवं होतं, आता तरी करा" असे सुनावण्यात आले. सुशिक्षित मुलगी, पण ती इतकी धास्तावली की तिने रात्रीचे जेवण बंद केले. महिन्याभरात तिला चक्कर येऊ लागली. गरोदरपण ही वजन उतरवण्याची वेळ नाही. उपाशी राहिल्याने बाळाला धोका पोचू शकतो. वाढ बेताची ठेवायची, रोज अर्धा तास चालायचे आणि नियमित तपासणीला यायचे, हे सांगायला त्या डॉक्टरांना दोन मिनिटे पुरली असती. जे बोलले गेले त्यामुळे भाचीने पुढच्या दोन तपासण्या चुकवल्या. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा धोका हाच आहे. सोनोग्राफीच्या खोलीत "चरबीमुळे काही दिसत नाही" असे मोठ्याने म्हटलेले बाहेरच्या बाकावरही ऐकू जाते. चरबीच्या थरातून ध्वनिलहरी क्षीण होतात हे खरे आहे आणि म्हणून व्यंग शोधणारी १८ ते २० आठवड्यांची तपासणी अपुरी राहिल्यास ती पुन्हा करावी लागते, हेही खरे. पण ते "चित्र आज नीट आलं नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा बघू" असेही सांगता येते. अपमान झालेली बाई भांडत नाही, ती फक्त परत येत नाही, आणि आपल्या नोंदवहीत ती "गैरहजर" या एका शब्दात संपते.

फॉलिक ॲसिडबद्दल थोडक्यात. बाळाच्या मज्जारज्जूची नळी, जिच्यासाठी ही गोळी देतात, गर्भधारणेपासून चार आठवड्यांत मिटते, त्या वेळी बहुतेकींना पाळी चुकल्याचे नुकते कळलेले असते. इंग्लंडमधील प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१८मध्ये बीएमआय ३० किंवा जास्त असलेल्या स्त्रीला गर्भधारणेच्या एक महिना आधीपासून पहिल्या तिमाहीपर्यंत रोज ५ मिलिग्रॅमची मात्रा सुचवली आहे. आपल्याकडे कोणती मात्रा द्यावी हे तज्ज्ञांनी सांगावे. पण आशाताईंकडे जननक्षम जोडप्यांची नोंद असते, नव्या लग्नाच्या घरी त्या जातातच, तेव्हा हा विषय तिथून सुरू करता येईल. पाळी अनियमित असणाऱ्या, थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्या मुली त्यांना माहीत असतात.

एक अडचण आपल्या मुंबईतल्या कार्यालयातून दिसणार नाही अशी आहे, ती म्हणजे माहेर. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी सासरच्या गावातून निघते आणि तिच्याबरोबर तिचे पहिले वजन, दंडाचा घेर, साखरेचा अहवाल हे सगळे मागे राहते, किंवा कार्ड सुटकेसच्या तळाशी जाते. माहेरच्या दवाखान्यात तिला आठव्या महिन्यातली "नवीन केस" म्हणून पाहिले जाते. ७४ किलोची बाई ६० वरून आली की ७० वरून, हे तिथे कुणाला माहीत नसते. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाच्या, २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या शिबिरांत जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात, मधुमेहासारख्या सोबतच्या आजारासाठी पिवळा. पहिल्या भेटीतला बीएमआय हा त्या निर्णयात धरला जावा आणि ती माहेरी जाताना एका आशाताईने दुसरीला फोन करावा, एवढी व्यवस्था झाली तरी पुष्कळ होईल. आमच्या केंद्रात आम्ही हे वहीच्या मागच्या पानावर करायचो, कुणाच्याही आदेशाशिवाय.

प्रसूतीची जागाही त्याच वेळी ठरायला हवी. जास्त वजन असले म्हणजे काही वाईट घडेलच असे नाही, बहुतेकींचे बाळंतपण सुखरूप होते, हे त्यांना पहिल्यांदा सांगितले पाहिजे. पण कळा लांबणे, ४ किलोच्या पुढचे बाळ असल्यास डोके बाहेर आल्यावर खांदे अडकणे, वार पडल्यावर जास्त रक्त जाणे, सिझरची जखम चिघळणे, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होणे, हे सगळे या मातांत अधिक घडते. पाठीच्या मणक्यात भूल देताना जागा सापडायला वेळ लागतो; बीएमआय ४०च्या पुढे असलेल्या मातेला भूलतज्ज्ञाने आधीच पाहून ठेवावे, असा परदेशात दंडक आहे. आपल्याकडे भूलतज्ज्ञ मध्यरात्री फोनवर शोधला जातो. म्हणून अशी माता कळा सुरू झाल्यावर ग्रामीण रुग्णालयात येऊन मग तिथून १०८मध्ये पुढे पाठवली जाऊ नये. ३६व्या आठवड्यातच तिच्या कार्डावर भूलतज्ज्ञ आणि रक्त उपलब्ध असलेल्या रुग्णालयाचे नाव लिहिलेले असावे. २०१८ ते २० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशाचा आकडा ९७ होता. इतके खाली आल्यानंतरचे मृत्यू अशाच गुंतागुंतीच्या मातांचे असतात, आणि ते ओळखायला आता जुनी चाळणी पुरत नाही.

बाळंतपणानंतर आपण तिला सोडून देतो. सव्वा महिना तिने खोलीबाहेर पडू नये, डिंकाचे लाडू, तूप, अळिवाची खीर खावी, फार हालचाल करू नये. अळिवात लोह असते, त्याला माझी हरकत नाही. पण रक्ताच्या गाठीची जोखीम असलेल्या बाळंतिणीने पहिल्याच दिवशी उठून चालायला हवे. तिचे दूध उतरायला कधीकधी एक-दोन दिवस जास्त लागतात, त्या वेळी घरात लगेच वरच्या दुधाची बाटली येते. तिथे एएनएमने शेजारी बसून बाळ नीट छातीला लावून द्यायला हवे. आणि गरोदरपणी मधुमेह झालेल्या प्रत्येकीची सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची तपासणी करायची असते, जी माझ्या पाहण्यात क्वचितच होते. महोदय, सहा आठवडे म्हणजे दीड महिना, आणि दीड महिन्याला बाळ पेंटा लसीच्या पहिल्या डोससाठी हमखास येते, माहेरी असले तरी येते. मांडीवर बाळ घेऊन आई लसीकरणाच्या रांगेत बसलेली असते. त्याच सत्रात तिला ग्लुकोज द्या. लस दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवतोच. थोडे आणखी थांबवून तिचे पुन्हा वजन घ्या, रक्त घ्या, पुढच्या मुलात अंतर ठेवण्याबद्दल बोला. दुसऱ्या खेपेला ती आणखी ८ किलो अंगावर घेऊन येण्याआधी तिच्याशी बोलण्याची ही एकच खात्रीची वेळ आपल्या हाती आहे.

या सगळ्यासाठी नवी योजना, नवे नाव, नवा लोगो नको. मोठा कफ, भिंतीवरचा तक्ता, ग्लुकोजची पाकिटे आणि पट्ट्या यांचा पुरवठा, तपासणीचा बदललेला क्रम, कार्डावर दोन जादा रकाने आणि लसीकरणाच्या सत्रात आईची एक तपासणी, एवढेच मागते आहे. यातले कफ आणि तक्ता हे दोन तरी येत्या ९ तारखेच्या शिबिरापूर्वी एखाद्या तालुक्यात देऊन पाहावेत. तिथल्या मुलींना दंडाचा घेर कसा मोजायचा हे दाखवायला कुणी हवे असल्यास मी स्वखर्चाने येईन. शिवणाची टेप माझ्याजवळ आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सहायिका